केसपेपरवरचा ‘व्हायरल’

आजपासून नावाआधी ‘डॉक्टर’ लावणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, सरळ मुद्द्यावर येतो. तापाने फणफणलेलं, आकडी येऊन बेशुद्ध पडलेलं मूल कॅज्युअल्टीत येतं आणि केसपेपरवर ‘व्हायरल एन्सेफलायटिस’ लिहिलं जातं. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. माझा आक्षेप एवढाच, की ते लिहून झालं की पेन खिशात जातं. विषाणूला औषध नाही, मग शोधून करायचं काय, असा त्यामागचा हिशेब असतो. हा हिशेब आपल्या देशात पुन्हा पुन्हा चुकला आहे.

गोरखपूरचंच घ्या. १९७८ पासून तिथे दर पावसाळ्यात मुलं दगावत होती. जपानी मेंदूज्वराचा विषाणू सापडला होता. भातखाचरं, डास, डुकरं ही साखळी पाठ्यपुस्तकात नीट बसत होती. २००५ च्या मोठ्या साथीनंतर लसीकरण सुरू झालं, जपानी मेंदूज्वर कमी झाला, तरी वॉर्ड भरतच राहिले. मग पाण्यातल्या विषाणूंकडे बोट दाखवलं गेलं. पुढे २०१५-१६ च्या सुमारास तपासण्या झाल्या तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांत स्क्रब टायफसची लागण दिसली. म्हणजे जिवाणू, आणि तोही डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनसारख्या साध्या, स्वस्त गोळीला वठणीवर येणारा! बिहारमधल्या मुझफ्फरपूरलाही उन्हाळ्यात हीच कथा. विषाणूचा शोध वर्षानुवर्षं चालला, पण तो काही हाती लागला नाही. रात्री न जेवता झोपलेल्या, दिवसभर लिचीच्या बागांत फिरलेल्या मुलांची रक्तशर्करा पहाटे धोकादायक खाली गेलेली असायची. लिचीतल्या विषारी घटकांचा वाटा किती, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. साखर कमी होती आणि ग्लुकोज वेळेत द्यायला हवं होतं, यावर भांडण नाही.

यावर कुणी म्हणेल, ही उदाहरणं मुळात विषाणूची नाहीतच. खरा विषाणू असेल तिथे निदानाने काय साधतं? त्यासाठी आपल्या घरचीच गोष्ट आहे. १९६५ साली नागपूर परिसरात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने दोन रुग्णांच्या रक्तातून एक अनोळखी विषाणू वेगळा केला. त्याला चांदीपुरा हे नाव मिळालं. त्या काळी तो साध्या तापाचा विषाणू वाटला, म्हणजे व्यवहारी माणसाच्या लेखी निरुपयोगी शोध. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली, कित्येक तर दाखल झाल्यावर दोन दिवसांच्या आत. आणि त्या साथीमागे हाच विषाणू निघाला. औषध आजही नाही. पण त्याची ओळख आधीच पटलेली होती, म्हणून लक्ष डासांबरोबर भिंतींच्या भेगांतल्या वाळूमाशीकडेही गेलं. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा आला तेव्हाही फवारणी कुठे करायची हे ठाऊक होतं. आणि हर्पिसच्या मेंदूज्वराला तर औषधही आहे. उपचारांविना त्यात १०० पैकी साधारण ७० रुग्ण दगावत. १९८० च्या दशकात असायक्लोव्हिर आलं आणि तो आकडा २०-३० वर उतरला. अट एकच, शिरेतून आणि लवकर. पीसीआरचा अहवाल येईपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या एक-दोन दिवसांतला अहवाल खोटा निगेटिव्हही येतो, म्हणून संशय दाट असेल तर औषध बंद न करता तपासणी पुन्हा करायची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात एमआरआय कुठून आणायचा? नाहीच आणता येत. नमुने बर्फाविना जिल्ह्याच्या गाडीत हिंदकळत जातात आणि घरचं सुतक फिटल्यावर अहवाल येतो. साथ ओसरली की विषाणुशास्त्राच्या पैशांची फाईलही ओसरते. ही तक्रार मी मरेपर्यंत करणार. पण ग्लुकोमीटरची पट्टी केंद्रात असते, मलेरियाची तपासणी असते. काखेत, जांघेत, कानामागे कपडे बाजूला करून पाहिलं तर स्क्रब टायफसचा काळा, सिगारेटने चटका दिल्यासारखा डाग दिसू शकतो, आणि नाही दिसला म्हणून तो आजार नाही असंही ठरत नाही. सगळं करूनही अनेक रुग्णांत कारण सापडत नाही, हेही खरं. तिथे ‘कारण अज्ञात’ लिहा, नमुना जपून ठेवा. न शोधता ‘व्हायरल’ लिहिण्यापेक्षा ते केव्हाही प्रामाणिक. कारण शोधायला पाठीतलं पाणी तपासायचं म्हटलं, की ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ असं नातेवाईक म्हणतील. त्यांच्याशी खाली बसून बोला, कारण घाईत सही मागितली की भीती वाढते. कवटीतला दाब वाढल्याची लक्षणं नसतील तर पाणी काढाच. आणि त्याच वेळी रक्तातली साखरही तपासायला पाठवा. नंतर मोजलेली साखर सलाईनमधल्या ग्लुकोजची असते, आणि पाण्यातल्या साखरेशी तिची तुलना करून काहीच कळत नाही.