जालना ते जाफना, बोटीनं

पासपोर्ट काढून कपाटात ठेवलाय, पण त्यावर शिक्का एकही नाही, असे किती जण ऐकताय? आजचा भाग तुमच्यासाठी.

आपल्या जालन्याला समुद्र नाही. आमचे अण्णा बासष्ट वर्षांचे. आख्खं आयुष्य मोसंबीच्या बागेत गेलं, समुद्र पाहिला तो टीव्हीवर. मी म्हटलं, "अण्णा, बोटीनं श्रीलंकेला जाऊ." ते म्हणाले, "येड लागलं का तुला? परदेश आपल्यासाठी असतो का?"

तर ऐका. तामिळनाडूतल्या नागपट्टिनमहून श्रीलंकेच्या कांकेसंथुराईला प्रवासी बोट जाते. अंतर साधारण 110 किलोमीटर. समुद्र शांत असला तर चार तासांच्या आसपास. पूर्वी रामेश्वरमकडून तलाईमन्नारला बोट जायची. 1964 च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं, पुढे 1980 च्या दशकात यादवी युद्धामुळे ती वाटच बंद पडली. नागपट्टिनमची बोट 14 ऑक्टोबर 2023 ला सुरू झाली, हवामानामुळे काही दिवसांतच थांबली आणि ऑगस्ट 2024 पासून पुन्हा निघाली.

आम्ही रेल्वेनं चेन्नई, तिथून नागपट्टिनम गाठलं. आणि कळलं की समुद्र खवळलाय, बोट रद्द!

अण्णा लगेच म्हणाले, "चल परत. बागेला पाणी शेजाऱ्याच्या भरवशावर आहे." मला काय बोलावं कळेना. पैसे माझे गेले होते, पण हिरमोड त्यांचा झाला होता. ते दाखवत नव्हते एवढंच.

मग त्यांना तंजावरला नेलं, साधारण 80 किलोमीटर. तिथं शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या वंशजांनी राज्य केलं. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलाय, 1803 चा, सरफोजीराजांच्या काळातला. अण्णा भिंतीजवळ गेले आणि बोट ठेवत ठेवत अक्षरं लावू लागले. सगळं नाही लागलं, पण चार शब्द लागले की मागे वळून मला सांगायचे. आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे रामदास स्वामी, त्यांच्या संप्रदायाचा मठ तंजावरलाही आहे, हे ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे आपली माणसं आधीच येऊन गेली की इथं!" परत जायचं नाव मग निघालं नाही.

दोन दिवसांनी बोट सुटली. अण्णा पूर्ण वेळ खिडकीला. दोनदा उलटी झाली, तरी जागा सोडली नाही.

जाफन्यात नल्लूरचं मंदिर पाहिलं. 1981 मध्ये जाळलेलं आणि पुन्हा उभं केलेलं सार्वजनिक वाचनालय पाहिलं. तिथं अण्णा बराच वेळ गप्प होते.

आता कामाचं. ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, आधी काढा. सामानाची मर्यादा तिकीट काढतानाच बघा. नोव्हेंबर-डिसेंबरचा पावसाळी काळ टाळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हातात दोन दिवस जास्तीचे ठेवा. आमच्याकडे ते नसते, तर अण्णा समुद्र काठावरूनच बघून परतले असते.

पासपोर्ट आता त्यांच्या कपाटात नसतो. बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी असतो. कुणी आलं की शिक्का दाखवतात.

तुमच्या घरात कोण आहे असं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!