वाफसा येईपर्यंत

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला 'आपली बाग' हा विषय दिलाय. खर्च, ठराव वगैरे अहवालात आहेच. मी एका चुकीबद्दल बोलतो, कारण ती माझी होती.

अकरा वर्षांपूर्वी, जुलैत, मागच्या मोकळ्या जागेत आपण 20 रोपं लावली. कडुनिंब, बहावा, आवळा, सीताफळ. मी तेव्हा सचिव. माळीकाका म्हणाले होते, "साहेब, वाफसा नाही, पाच-सहा दिवस थांबा." पण पाहुणे ठरलेले, फोटोवाला सांगितलेला. मी म्हटलं, "ओली माती खणायला उलट सोपी!"

सोपी कसली! आपल्या परभणीची काळी माती ती. एक घाव घालायचा आणि काडीनं कुदळ खरवडत बसायचं. चपला तर पायापेक्षा जड झाल्या. हसू नका, तुमच्यातले काही जण तिथेच होते! दिवाळीपर्यंत 16 रोपं गेली. वार्षिक सभेत "पैसे मातीत घातले" हे ऐकून घ्यावं लागलं.

कारण कळलं ते मेलेली रोपं उपसताना. ओल्या मातीवर फावडं घासून खड्ड्याच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. आम्ही खड्डे खणलेच नव्हते, रांजण पुरले होते. पाणी मुरेना, मुळांना हवा मिळेना. या मातीचे कण अतिशय बारीक. पाणी शोषून फुगतात, वाळले की आकसतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. आपली कंपाउंडची भिंत पुन्हा पुन्हा तडकते, त्यातही या मातीचा हात असणार. दर वेळी गवंड्यालाच बोल लावू नये, ही खजिनदारांना विनंती.

आता मी काकांची रीत पाळतो. वीतभर खालची मूठभर माती घ्यायची, गोळा करायचा, कमरेइतक्या उंचीवरून टाकायचा. चपटा झाला तर थांबायचं. भुगा होऊन पसरला तर वाफसा आला. फार वाळू दिली की पहार लावूनही नुसती ढेकळंच निघतात. खड्ड्याच्या बाजू खुरप्यानं खरवडायच्या. शेणखत, पालापाचोळा दरवर्षी घालायचा. चार पाट्या वाळू टाकून ही माती भुसभुशीत होत नाही, तोही खर्च मी करून बसलोय.

हे आजच सांगायचं कारण म्हणजे, मागे पेव्हर ब्लॉक बसवायचा प्रस्ताव आलाय. पार्किंगची अडचण मलाही कळते, त्यावर जरूर बोलू. पण "तिथे काही जगत नाही" असं त्यात लिहिलंय, ते तेवढं काढा. चार झाडं जगली आहेत. एप्रिल-मेमध्ये बहावा फुलला की तुम्हीच त्याच्याखाली फोटो काढता!

उरलेल्या 16 जागा मला पुन्हा खणायच्या आहेत. परवा पाऊस झाला. आज सकाळी गोळा टाकून पाहिला, अजून चपटा होतोय. उघडीप राहिली तर पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता सुरुवात करू. घमेली चार आहेत, आणखी दोन कुणाकडे असतील तर घेऊन या. आणि फोटोवाल्याला सांगितलेलं नाही.