नट सैल कां पडतो?



गेल्या उन्हाळ्यांत आमच्या बैठकीच्या खोलींतील छताचा पंखा आवाज करूं लागला, म्हणून एका मिस्त्रीस बोलावून तो उतरविला, साफ करविला आणि पुन्हा चढविला. मिस्त्री गेल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर दोन पायांची एक लहानशी पिन पडलेली दिसली. पंख्याच्या दांड्यांतून जाणाऱ्या बोल्टाची ती स्प्लिट पिन होती. मीं त्याला परत बोलाविलें. तो हंसून म्हणाला, "मास्तर, नट चांगला आवळला आहे, पिन नसली म्हणून कांहीं बिघडत नाहीं." त्याच्या बोलण्यांत लबाडी मुळींच नव्हती. घट्ट आवळलेला नट जागचा हलत नाहीं, अशी आपणां सर्वांचीच समजूत असते. ती कितपत खरी आहे, आणि नट सैल पडूं नये म्हणून कोणते उपाय योजतात, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, म्हणून प्रथम एक घटना सांगतों. १० मे २००२ रोजीं लंडनहून किंग्ज लिन या गांवीं निघालेली आगगाडी पॉटर्स बार स्टेशनाजवळच्या सांध्यावरून जात असतां तिचा शेवटचा डबा रुळांवरून उडाला आणि फलाटावर आडवा जाऊन छपराखालीं अडकला. सात माणसें दगावलीं. त्यांतील एक तर गाडींत नव्हतेंच. तें बाहेर रस्त्यानें चाललें होतें. सांध्याचे सरकते रूळ एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे नट जागेवर नव्हते, असें तपासांत आढळून आलें. एवढ्या मोठ्या गाडीचा भरंवसा शेवटीं मुठींत मावणाऱ्या वस्तूंवर होता.

आतां नट आणि बोल्ट म्हणजे काय तें पाहूं. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोंवतीं गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी कड पेन्सिलीवर वेटोळें घालीत वर चढत जाईल. हेंच मळसूत्र. ज्यांना आपण बोल्टाचे आटे म्हणतों, ते म्हणजे दांड्याभोंवतीं गुंडाळलेली एक लांबच लांब उतरण होय, आणि नट हा त्या उतरणीवर बसलेला भार होय. १० मिलिमीटर जाडीच्या नेहमींच्या बोल्टावर नटाचा एक फेरा झाला कीं तो दीड मिलिमीटर पुढें सरकतो. हिशेब केला तर ही उतरण अवघी तीन अंशांची भरते. पोलादावर पोलाद घसरूं लागण्यास सामान्यतः आठ अंशांची किंवा त्याहून अधिक उतरण लागते. तेव्हां नुसता भार कितीहि वाढविला तरी नटानें स्वतः होऊन उलट फिरण्याचें कारण नाहीं. इतक्यापुरतें आमच्या मिस्त्रीचें म्हणणें बरोबरच आहे.

परंतु हा भार येतो कोठून? येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आवळलेला बोल्ट हा खिळा नसून ताणलेली स्प्रिंग असते. आपण पाना फिरवितों तेव्हां बोल्ट लांबतो, आणि पूर्ववत् आंखडण्याच्या त्याच्या धडपडीमुळें दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. वर सांगितलेला १० मिलिमीटरचा बोल्ट चांगल्या पोलादाचा असेल व योग्य आवळला असेल, तर त्यांत सुमारें अडीच टनांचा ताण असतो. मात्र पांच सेंटीमीटर लांबीच्या पकडींत तो लांबलेला असतो किती? जेमतेम मिलिमीटरचा एक दशांश! जोडाची सारी मदार या केसाएवढ्या लांबीवर असते. नट एका फेऱ्याच्या पंधराव्या हिश्शाइतका उलट फिरला, कीं ही लांबी जवळजवळ संपली. जोडांत रंगाचा जाड थर राहिला आणि तो पुढें दबला, तर नट तसूभरहि न फिरतां ताण कमी होतो. म्हणून जेथें जोड महत्त्वाचा, तेथें दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व सपाट असावे लागतात.

हा ताण हाताला कळत नाहीं, हीहि अडचण आहे. पान्यास लावलेल्या जोरापैकीं सुमारें निम्मा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणांत जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणांत जातो, आणि बोल्ट ताणण्याच्या कामीं येतो तो केवळ दहावा हिस्सा. आटे गंजलेले असले तर मनगटास सारखाच जोर लागतो, पण बोल्ट पुरता ताणलाच जात नाहीं. "घट्ट लागला" आणि "घट्ट झाला" या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

असो. तीन अंशांच्या उतरणीवर नट घसरत नाहीं हें खरें असेल, तर हादऱ्यांनीं तो सुटतो कसा? बरेच दिवस अशी समज होती कीं, बोल्टाच्या लांबीच्या दिशेनें बसणारे हिसके याला कारण असावेत. त्यांनीं नट थोडासा सैल पडतो हें खरें. परंतु मुख्य शत्रू निराळाच निघाला. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानें १९६९ मध्यें आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जोडलेले भाग बोल्टाशीं काटकोन करून आडवे मागें-पुढें सरकविणारें एक यंत्र त्यानें वापरलें होतें. त्यांत असें दिसून आलें कीं, जोड आडवा सरकूं लागला म्हणजे चांगला आवळलेला नटहि आपोआप उलट फिरूं लागतो, आणि थोड्याच हेलकाव्यांत ताण नाहींसा होतो. त्या जातीच्या यंत्राला आजहि युंकरचेंच नांव आहे.

याचें मर्म मी वर्गांत एका सोप्या प्रयोगानें दाखवीत असें. जुन्या शाळांत उतरत्या झांकणाचीं डेस्कें असत. त्यावर पुस्तक ठेवलें तर तें जागच्या जागीं राही. आतां त्याला बोटानें आडवें सरकवा. तें सरळ आडवें न जातां खालच्या कडेकडेहि घसरत जाईल. बोटानें तर त्याला खालीं ढकललेलें नाहीं! याचें कारण असें कीं, घर्षण हें ज्या दिशेनें वस्तु सरकत असेल तिच्या विरुद्ध काम करतें. पुस्तक आडवें सरकूं लागलें कीं घर्षणाचें सारें बळ आडव्या दिशेस गुंततें, आणि उतरणीकडे पहावयास कोणी उरत नाहीं. नटाचें नेमकें असेंच होतें. जोड आडवा सरकला कीं आट्यांतील घर्षण त्या झगड्यांत खर्ची पडतें, आणि इतका वेळ नटाला धरून ठेवणारा ताणच आतां त्याला उतरणीवरून खालीं लोटूं लागतो.

एवढें समजलें म्हणजे नेहमींच्या उपायांची पारख करतां येते. आपल्या ओळखीचा पहिला उपाय म्हणजे एका ठिकाणीं चिरलेला स्प्रिंग वायसर. परंतु बोल्ट पुरता आवळण्याच्या कितीतरी आधींच हा वायसर चेपून सपाट होतो, आणि मग साध्या वायसराहून त्याचा अधिक उपयोग राहत नाहीं. अमेरिकेंतील नासा या संस्थेनें १९९० मध्यें काढलेल्या बोल्टविषयक पुस्तिकेंत, नट थोपविण्याच्या कामीं तो निरुपयोगी असल्याचें स्वच्छ लिहिलें आहे. एक कोटी सायकलींना तो लावलेला असला तरी शास्त्राचा निकाल हा असा आहे.

दुसरा उपाय जोडनटाचा. एकावर एक दोन नट बसवून ते परस्परांविरुद्ध आवळावयाचे. हा उपाय चांगला आहे, पण बहुतेक ठिकाणीं तो उलटा केलेला आढळतो. लोक जाड नट आधीं लावतात व पातळ नट वरून बसवितात. वास्तविक दोन्ही नट एकमेकांविरुद्ध आवळले गेले कीं सारा भार वरच्या नटावर येतो. म्हणून पातळ नट खालीं, जाड नट वर, आणि वरचा आवळतांना खालचा दुसऱ्या पान्यानें धरून ठेवावयाचा, असा क्रम पाहिजे.

तिसरा प्रकार नायलॉनचें कडें बसविलेल्या नटाचा. तें कडें आट्यांना घट्ट बिलगतें. ताण गेला तरी नट गळून पडत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पण ताण टिकेलच अशी हमी तो देत नाहीं, आणि फार तापणाऱ्या जागीं तो चालत नाहीं. बुरुजासारख्या खांचा असलेला नट व त्यांतून आरपार घातलेली स्प्लिट पिन यांची गोष्टहि तशीच. नट निसटण्यास तेथें मज्जाव असतो. सैल पडण्यास मात्र थोडी मुभा असते. म्हणजे ताण राखणें आणि नट राखणें हीं दोन वेगळीं कामें आहेत, व कोणता उपाय कोणतें काम करतो हें ओळखूनच त्याची निवड केली पाहिजे.

चौथा उपाय रसायनशास्त्रानें दिला. हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजांतील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनीं १९५३ मध्यें एक चमत्कारिक द्रव प्रचारांत आणला. हवा असेपर्यंत तो पातळ राहतो. आट्यांच्या फटींत शिरून हवेपासून तुटला व धातूला लागला कीं घट्ट होतो. लॉक्टाइट या नांवानें तो पुढें जगभर गेला. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत जी सूक्ष्म मोकळीक असते, तीच तो भरून काढतो; त्यामुळें आडवें सरकावयास आट्यांत जागाच उरत नाहीं.

पांचवा उपाय आपल्या परिचयाचा, म्हणजे पाचरीचा. कुऱ्हाडीचा दांडा खिळखिळा झाला कीं आपला शेतकरी त्याच्या डोक्यांत पाचर ठोकतो. जपानांतहि लांकडी बांधकामांत पाचरी ठोकण्याची चाल जुनी आहे. ओसाकाचे कात्सुहिको वाकाबायाशी यांना तेथील सुमियोशी देवस्थानाच्या तोरणासारख्या कमानींतील पाचर पाहून नवा नट सुचला. त्यांच्या जोडनटांपैकीं खालच्याचा उंचवटा मुद्दाम किंचित् एका बाजूस सरकवून केलेला असतो व वरच्याची खळगी मध्यावर असते. दोन्ही आवळले कीं एका अंगानें पाचर मारल्याप्रमाणें ते बोल्टाला जखडतात. १९७४ मध्यें त्यांनीं याचा कारखाना काढला, आणि जपानच्या शिंकान्सेन या वेगवान गाड्यांतहि हे नट बसविले जातात. स्वीडनमधील नॉर्ड-लॉक या जोडवायसरांत हीच कल्पना दुसऱ्या रूपानें आहे. दोन वायसरांच्या समोरासमोरच्या बाजूंवर आट्यांहून अधिक चढाच्या पायऱ्या असतात. नट उलट फिरूं लागला कीं वायसर या चढावर चढतात. आट्यांवरून नट जितका खालीं यावा त्याहून ते त्याला अधिक वर उचलतात, आणि ताण उलट वाढतो. सुटण्याचा प्रयत्नच बंधन दृढ करतो!

तथापि सर्वांत उत्तम उपाय नटाच्या डोक्यावर बसवावयाचा नसतो. तो आराखड्यांतच असावा लागतो. दोन भाग आडवे सरकणारच नाहींत इतका ताण प्रथमपासून द्यावा. आडवा भार सोसण्यास स्वतंत्र खुंट्या किंवा खोबणी ठेवाव्या. आणि जाड-आंखूड बोल्टापेक्षां बारीक-लांब बोल्ट घ्यावा. लांब बोल्ट अधिक लांबतो, म्हणून जोड थोडासा दबला तरी त्याचा ताण पुष्कळसा शिल्लक राहतो.

इतकेंहि करून देखरेख सुटत नाहीं. २३ फेब्रुवारी २००७ रोजीं इंग्लंडांतच ग्रेरिग गांवाजवळ लंडनहून ग्लासगोस जाणारी गाडी भरधांव वेगांत सांध्यावर घसरली व एक वृद्ध स्त्री दगावली. कारण पुन्हा सांध्याच्या दांड्यांचे सुटलेले नट-बोल्ट! त्या जागेची नेहमींची पाहणी पांच दिवस आधीं, १८ तारखेस, व्हावयाची होती. ती झाली नव्हती. पॉटर्स बारला पांच वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. नट एकदम सुटत नाहीं. तो रोज थोडा थोडा सुटतो, आणि एक सुटला कीं त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो. ज्या दिवशीं पहावयास कोणी जात नाहीं, तो दिवसहि त्या हिशेबांत जमा होत असतो.

आतां आमच्या पंख्याकडे वळूं. त्या दांड्याचा बोल्ट कशालाहि दाबून धरीत नाहीं. पंखा त्यावर नुसता लोंबतो, झुलतो व थरथरतो. तेथें बोल्टांत म्हणण्यासारखा ताणच नसतो, म्हणून "घट्ट आवळला" या शब्दांना अर्थ उरत नाहीं. नटाला राखणारी वस्तु तेथें एकच, ती पिन. मिस्त्रीला मीं उतरणीचें गणित सांगितलें नाहीं. शिडी धरली, पिन त्याच्या हातीं दिली आणि एवढेंच म्हटलें, "बाबा, या पंख्याखालीं माझीं नातवंडें निजतात." त्यानें निमूटपणें पिन घातली, तिचे दोन्ही पाय वांकविले, आणि न सांगतां दुसऱ्या खोलींतील पंख्याचीहि पिन पाहून तो गेला.