खुनी कोण, ते सांगू नका!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ १९६९ साली प्रदर्शित झाला. आमच्या जिल्ह्याच्या गावी तो पोचायला पुढचं वर्ष उजाडलं. मी तेव्हा आठवीत होतो. आत्येभावानं मला घरी न सांगता सहाच्या खेळाला नेलं. आम्ही तिकिटाच्या रांगेत उभे, आणि तीनचा खेळ सुटत होता. बाहेर पडणाऱ्या गर्दीतले एक मिशाळ गृहस्थ रांगेपाशी थांबले. त्यांनी तोंडातलं पान एका गालात सरकवलं, खुनी कोण ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं आणि सायकलवर टांग मारून निघून गेले. रांगेतून शिव्यांची लाखोली उठली. आत्येभाऊ तर चार पावलं त्यांच्यामागं धावलासुद्धा. पण बाण सुटून गेला होता.

गंमत पुढंच आहे. खुनी ठाऊक असूनही मी तो चित्रपट श्वास रोखून पाहिला. एक घर, एक पावसाळी रात्र. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि एकट्या बाईच्या घरात शिरतो. राजेश खन्ना आणि नंदा. ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून घेतलेली कथा, दोन तासांहून कमी लांबी आणि एकही गाणं नाही! हिंदी चित्रपटातून गाणी काढणं म्हणजे पुरणपोळीतून गूळ काढण्यासारखं. पण बी. आर. चोप्रांनी १९६० मध्ये ‘कानून’ गाण्यांशिवाय करून दाखवला होता. ‘इत्तेफाक’ त्यांच्याच संस्थेचा. गाणं नसलं की प्रेक्षकाला चहाला उठायची सोय राहत नाही, आणि ताण कुठं सैल पडत नाही.

मग मला प्रश्न पडला, की रहस्य आधीच फुटलं असताना मी खुर्चीच्या कडेवर का बसलो होतो?

त्याचं उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं. आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकानं फ्रान्स्वा त्रुफोला दिलेली दीर्घ मुलाखत प्रसिद्ध आहे. त्यात तो एक साधं उदाहरण देतो. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण काही क्षणच. आता तोच प्रसंग असा पाहा, की टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीपासून माहीत आहे, त्या दोघांना मात्र नाही. आता त्यांच्या फालतू गप्पांतला शब्द न् शब्द आपल्याला असह्य होतो. ‘अरे, उठा तिथून!’ असं ओरडावंसं वाटतं. पहिल्यात धक्का आहे, दुसऱ्यात ताण. त्या मिशाळ गृहस्थांनी माझा धक्का पळवला होता, पण नकळत टेबलाखाली एक बॉम्ब ठेवून गेले होते.

म्हणून मी त्यांना माफ केलं असं मात्र समजू नका. ताण दुसऱ्यांदा पाहतानाही मिळतो, धक्का फक्त पहिल्यांदाच. तो एकदा गेला की पुन्हा तिकीट काढून मिळत नाही. लंडनमध्ये ॲगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून, कोरोनाकाळातला खंड सोडला तर, चालूच आहे. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती केली जाते, की रहस्य तुमच्यापाशीच ठेवा. हिचकॉकनं तर १९६० मध्ये ‘सायको’च्या वेळी चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियमच केला. कारण उघड होतं. नायिका म्हणून जिच्यामागं आपण निघालो, तीच निम्म्याच्या आत मारली जाते. उशिरा येणारा तिची वाट पाहत बसला असता!

आपल्याकडंही हे घराणं जुनं आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांतला झुंझार आणि काळा पहाड कैक घरांत उशीखाली झोपत असत. राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला. ज्या बाईला आपण अग्नी दिला तीच आरोपी म्हणून कोर्टात उभी राहून ‘मी तुमचीच बायको’ म्हणते, तेव्हा वकील नवऱ्यानं करायचं काय? या कथेवर राज खोसलांनी १९६६ मध्ये हिंदीत ‘मेरा साया’ केला. मराठीनं हिंदीला दिलेलं हे रहस्य. पुढचं मी सांगणार नाही.

पण श्रोतेहो, आज एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. माझे वडील, आमचे अण्णा, सेशन्स कोर्टात कारकून होते. खुनाच्या खटल्यांची कागदपत्रं त्यांच्या हाताखालून जात. मला वाटायचं, असा माणूस रहस्यपटावर तुटून पडेल. पण ते कधी आले नाहीत. नोकरीला लागल्यावर मी धीर करून विचारलं, “अण्णा, तुम्हाला खुनाचे पिक्चर का आवडत नाहीत?” त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, “तुमच्या पिक्चरमध्ये खून झाला की सगळे खुन्याच्या मागं लागतात. आमच्याकडं खून झाला की एक म्हातारी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसते. प्रत्येक तारखेला. भाकरीचं गठुडं घेऊन. तुमच्या पिक्चरमध्ये मेलेल्याला आई का नसते रे?”

मला उत्तर देता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी चित्रपट पाहणंही सोडलं नाही.

अण्णा गेले. २०१५ मध्ये नातवाबरोबर ‘दृश्यम’ पाहायला गेलो. मूळ चित्रपट २०१३ सालचा, मल्याळम, जितू जोसेफ यांचा. हिंदीतला आपल्या निशिकांत कामत यांनी केला, आणि कथा गोव्यात आणली. केबलचा धंदा करणारा, जेमतेम शिकलेला विजय साळगावकर. त्याचं सगळं शिक्षण चित्रपट पाहून झालेलं. घरच्या बायकांच्या हातून एक मुलगा मारला जातो, आणि त्यांना वाचवायला हा माणूस दोन ऑक्टोबरच्या तारखेभोवती खोट्याची अशी वीण घालतो की पोलिस चक्रावतात. अख्खं थिएटर त्याच्या बाजूचं होतं. मीही होतो.

हेही हिचकॉकचंच देणं. ‘सायको’त तो तरुण, आईचं कृत्य झाकायला, प्रेतासकट मोटार दलदलीत ढकलतो. मोटार बुडता बुडता मध्येच थांबते. त्या क्षणी आपला श्वास अडकतो. बुडू दे बाई एकदाची, असं आपल्याला वाटतं! आपण, म्हणजे कायदा पाळणारी, लाइटचं बिल वेळेवर भरणारी माणसं. अंधारात आपण कुणाच्या बाजूनं उभे राहू याचा नेम नाही, हे शंभर-सव्वाशे रुपयांत कळतं, तेही कुणाचं नुकसान न होता. गुन्हेपटाची मजा मला तरी यातच वाटते.

‘दृश्यम’मध्ये मात्र एक जास्तीची गोष्ट आहे. तपास करणारी बडी पोलिस अधिकारी, तब्बूनं केलेली, हीच त्या मेलेल्या मुलाची आई आहे. चित्रपटभर ती आपली शत्रू असते. तिला काही सापडू नये म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलेलो असतो. शेवटाकडं ती अधिकारी म्हणून नव्हे, नुसती आई म्हणून साळगावकरसमोर उभी राहते. आपला मुलगा कुठं आहे एवढंच तिला हवं असतं. नातू कानाशी कुजबुजला, “आजोबा, सुटला बघा तो!” मी मान हलवली. पण माझ्या डोळ्यांसमोर व्हरांड्यातला तो बाक आला होता. अण्णांना हा एक तरी चित्रपट दाखवायला हवा होता.

तेव्हा श्रोतेहो, रहस्यपट जरूर पाहा, आणि शक्यतो थिएटरातच पाहा. घरी रिमोट हातात असतो, कुकरची शिट्टी झाली की आपण खुन्यालाही थांबवून ठेवतो. मग ताण कसला राहणार? तिथल्या अंधारात पाचशे माणसं एकदम गप्प होतात, त्या शांततेची सर घरातल्या कोचाला नाही. मध्यंतरात शेंगदाणे खात खुनी कोण यावर पैज लावा. हरलात तर आनंदानं हरा. फक्त घरी येताना एकदा मेलेल्या माणसाचाही विचार करा. त्याचं कुणी होतं का, हे दिग्दर्शकाच्या लक्षात होतं का, ते बघा. मला आता चांगला गुन्हेपट त्यावरून ओळखू येतो.

आणि बाहेर पडताना पुढच्या खेळाची रांग दिसली, तर तोंडातलं पान तोंडातच ठेवा.