सायकलची रिंग घेताना

अंधेरी-बोरिवलीकडे पहाटे दूध नि पाव घरोघर पोचतो, तो पुष्कळदा सायकलवरून. तिथली खारी हवा आणि पाऊस म्हणजे लोखंडाचे वैरीच! 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा मुलखात जी रिंग टिकते, ती आपल्या गावच्या वाटेवरही टिकेल.

पोलादी रिंग स्वस्त आणि ओझ्याला खंबीर. थोडी वाकली, तर गावचा मिस्त्रीही ती सरळ करतो. पण मुलामा उडाला की गंज चढतो. आणि भिजल्यावर ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरते. उतारावर आपले पोर असेल, तर हा जिवाशी खेळ! अ‍ॅल्युमिनियमची रिंग जरा महाग. पण ती हलकी, तांबडा गंज न धरणारी, आणि पावसातही तिच्यावर ब्रेक बरा लागतो.

तेव्हा पोती, कॅन वाहायचे असतील तर पोलादी घ्या. जुन्या धाटणीच्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात, कारण भार मागे पडतो. मुलांना शाळेसाठी मात्र दुपदरी अ‍ॅल्युमिनियमची रिंग घ्यावी. घेताना टायरवरचे माप आणि तारांची भोके जुळवून पाहावीत.

गुरुजी, वर्गात एकदा सायकल उलटी ठेवून तारा बोटाने छेडा. सैल तार खालच्या सुरात बोलते. ती वेळीच आवळली, तर स्वस्तातली रिंगही वर्षानुवर्षे साथ देते.