जुनी हायब्रिड मोटार घेताना

गोंदिया-नागपूरकडून जुनी हायब्रिड मोटार आणू इच्छिणाऱ्या बालाघाटच्या ग्राहकाने प्रथम ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे. २०१५ च्या सियाझ डिझेलमधील सौम्य यंत्रणा इंजिनास केवळ हातभार लावते. २०२२ पासूनच्या ग्रँड विटारामधील सबळ यंत्रणा मोटार काही काळ निव्वळ विजेवर चालविते. जाहिरातीत मात्र दोहोंचे नाव एकच! ब्रेक लावताना परत मिळणारी वीज गर्दीच्या रस्त्यावर अधिक साठते. बैहरकडील मोकळ्या वनमार्गावर तेवढी बचत होत नाही. खर्चाचे खरे मूळ मोठी बॅटरी. तिला थंड ठेवणाऱ्या हवेच्या जाळीत धूळ साचल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून अधिकृत केंद्रातील तपासणी, देखभालीच्या नोंदी व उरलेली हमी पाहूनच भाव ठरवावा. महाराष्ट्रातील नोंदणीच्या मोटारीस ना-हरकत प्रमाणपत्र व मध्य प्रदेशचा पथकर नव्हे, तर वाहनकर लागतो. तोही किमतीत धरावा.