आज्ञावलीची कसोटी आणि अपेक्षित उत्तराचा नमुना
(सुरत येथील मराठी भाषिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



खानदेशातून तापीच्या काठाने सुरतेस येऊन उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांचा संसार यंत्रमागाच्या आवाजात उभा राहिला आहे. माग चालविणाऱ्यास नमुन्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. विणलेले कापड मूळ नमुन्याशी ताडून पाहिले जाते; परंतु नमुनाच सदोष असेल तर ताडून पाहण्याचा काय उपयोग? संगणकाच्या क्षेत्रातही हाच प्रश्न उभा राहतो.

मनुष्यास वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारे साधन म्हणजे संकलक, अर्थात कंपायलर. त्यात दोष राहिला तर तो त्यातून उतरलेल्या प्रत्येक आज्ञावलीत शिरू शकतो. मग ती कामगाराच्या मजुरीचा हिशेब करणारी असो, सातबाराचा उतारा देणारी असो वा शाळेचा निकाल लावणारी असो. म्हणून संकलकात बदल झाला की हजारो लहान चाचण्या यंत्राकरवीच घेतल्या जातात.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २००० साली आरंभिलेला एलएलव्हीएम हा संकलक-प्रकल्प या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या उभारणीबद्दल क्रिस लॅटनर व इव्हान चेंग यांच्यासह मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर विक्रम आडवे यांना २०१२ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार देण्यात आला. या प्रकल्पात चाचणीच्या मजकुरातच अपेक्षित उत्तराच्या ओळी लिहिलेल्या असतात. 'फाइलचेक' नावाचे साधन त्या ओळी प्रत्यक्ष उत्तराशी क्रमाने ताडून पाहते.

एक सोपे उदाहरण घेऊ. दोन संख्यांची बेरीज करून तिची दुप्पट करावयाची आहे. दशमान पद्धतीत उजवीकडे शून्य दिले की संख्या दहापट होते. द्विमान पद्धतीत अंक एक घर डावीकडे सरकविले की ती दुप्पट होते. चतुर संकलक गुणाकार न करता हीच युक्ती योजतो. बेरजेस तो एखादे तात्पुरते नाव देतो. हे नाव आज एक, तर उद्या दुसरे असू शकते. अपेक्षित उत्तरात तेच नाव जसेच्या तसे लिहिले तर निरुपद्रवी बदलानेही चाचणी फसेल. उलट, 'कोणतेही नाव चालेल' असे दोन्ही ठिकाणी लिहिले तर बेरजेऐवजी भलतीच संख्या सरकविली गेली तरी चाचणी उत्तीर्ण होईल. म्हणून नाव प्रथम आढळते तेथे ते टिपून ठेवावयाचे आणि पुढे तेच यावे असा आग्रह धरावयाचा, हा मध्यम मार्ग.

अशा ओळी हाताने लिहिणे कष्टाचे असल्याने त्या तयार करणारी साधनेही निर्माण झाली. ती संकलक चालवितात, उत्तर घेतात आणि बदलत्या नावांच्या जागी असे साचे घालून ओळी चाचणीत लिहितात. तासांचे काम क्षणांत होते.

धोका येथेच आहे. संकलकाने चुकून अंक दोन घरे सरकविले, तर ते साधन 'दोन घरे' असेच इमानाने लिहून ठेवील. दुपटीची चौपट होईल आणि तेच अपेक्षित उत्तर ठरेल. पुढे कोणी चूक सुधारली तर चाचणी सुधारणाऱ्यासच दोषी ठरवील. यंत्र 'काय झाले' ते सांगते. 'काय व्हावयास हवे होते' हे मनुष्यानेच ठरवावे लागते. म्हणून साधनाने लिहिलेली प्रत्येक बदललेली ओळ स्वीकारण्यापूर्वी जाणत्याने वाचलीच पाहिजे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांस हीच दृष्टी द्यावी. विद्यार्थ्याच्या उत्तरावरून उत्तरसूची तयार होत नसते. कार्यालयातील तयार तक्त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यास आणि नमुन्यावर हात फिरविणाऱ्या विणकरासही हा नियम सारखाच लागू आहे. नमुना आधी पारखावा, मग त्याच्याशी माल ताडावा.